टवक्याचा तळ

भाच्यानं दसऱ्याला गाडी घेतली. पांढरी. दिवाळी झाली, कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, आणि एका सकाळी नेवासा रस्त्यानं श्रीरामपूरकडे येताना पुढच्या उसाच्या ट्रॉलीच्या चाकाखालून खडा उडाला. "टक्" असा बारीक आवाज झाला. घरी येऊन पाहतो तर बॉनेटच्या पुढच्या कडेला बाजरीच्या दाण्याएवढा टवका गेलेला. एमएच-१७ची पाटी लागून अजून महिनाही झाला नव्हता. तो गाडी घेऊन थेट माझ्या दारात आला आणि म्हणाला, "मामा, फसवलं आपल्याला. रंगच लावला नाही गाडीला."

हे वाक्य आमच्या गावात नवं नाही. मेनरोडवर, गॅरेजमध्ये, लग्नाच्या मांडवाबाहेर लावलेल्या गाड्यांपाशी ते सारखं कानावर येतं. जुन्या गाड्यांचा रंग कसा जाडजूड होता, घासला तरी हलत नव्हता, आणि आता नखानं निघतो, असं बोलणाऱ्यांना मी कधी हसत नाही, कारण त्यात निम्मं खरं आहे. आजचा रंग पातळ आहेच. पण टवका उडतो तो केवळ रंग पातळ आहे म्हणून नव्हे. रंगाची पकड कुठल्या थरावर सुटली, यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते टवक्याच्या तळाशी स्पष्ट दिसतं. भाच्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती हीच : आधी गाडी धू, मग भिंग घेऊन टवक्याचा तळ बघ. तो काय रंगाचा आहे ते सांग, मग भांडायचं का नाही ते ठरवू.

आधी पातळ म्हणजे किती ते पाहू. गाडीचा रंग मायक्रॉनमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. झेरॉक्सचा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात, काही गाड्यांवर ८०-९०सुद्धा. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीचं ऊन, पाऊस, धूळ आणि खडीपासून रक्षण करणारं जे काही आहे, ते एका झेरॉक्सच्या कागदाएवढं आहे. हा आकडा ऐकून भाचा गप्पच झाला. मलाही तो पहिल्यांदा कळला तेव्हा विश्वास बसला नव्हता.

या एका कागदात चार-पाच थर असतात, आणि प्रत्येकाचं काम निराळं. पत्र्याचा सांगाडा वेल्डिंग होऊन रंगशाळेत येतो तेव्हा तो तेलकट असतो. तो धुऊन, खंगाळून फॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात. पत्र्यावर एक-दोन मायक्रॉनचे जस्त-फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात. गुळगुळीत भिंतीला गिलावा धरत नाही म्हणून गवंडी तिला टाचे मारतो, तसेच हे पत्र्याला मारलेले टाचे. पुढचा रंग याच स्फटिकांना धरून बसतो. हा थर नीट जमला नाही तर वर सोन्याचा मुलामा दिला तरी तो सुटणार.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. अख्खा सांगाडा रंगाच्या मोठ्या हौदात बुडवतात आणि त्यातून दोनशे-तीनशे व्होल्टचा वीजप्रवाह सोडतात. हौदातल्या इपॉक्सीच्या कणांवर धन भार असतो आणि गाडी ऋण टोकाला जोडलेली असते, त्यामुळे कण चहूबाजूंनी पत्र्याकडे ओढले जातात. जिथं थर बसला तिथं वीज अडते, मग कण आपोआप उघड्या राहिलेल्या जागेकडे वळतात. दाराच्या आतल्या पोकळीत, खांबांच्या पोटात, जिथं कुणाचा ब्रश किंवा गन पोहोचणार नाही, तिथंही सारख्या जाडीचा थर बसतो. याला ई-कोट म्हणतात. तो साधारण २० मायक्रॉनचा असतो आणि भट्टीत १६० ते १८० अंशांवर पक्का भाजला जातो. गंजाशी खरी लढाई हाच थर लढतो. त्याच्यावर करड्या प्रायमरचा थर, तो तीसेक मायक्रॉनचा. मग बेस कोट, म्हणजे आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो. तो अवघा १५-२० मायक्रॉन असतो. आणि सगळ्यात वर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. गाडीची चमक त्याची, उन्हातल्या अतिनील किरणांना गाळायचं कामही त्याचंच.

मग जुन्या गाड्यांचा रंग जाड का होता? कारण तो लावायची रीतच तशी होती. मोटारी नव्या होत्या तेव्हा बग्गीसारखं तेलाचं वॉर्निश हातानं मारायचे, घासायचे, पुन्हा मारायचे, आणि एक गाडी वाळायला आठवडे लागायचे. फोर्डची मॉडेल टी १९१४पासून दहा-बारा वर्षं फक्त काळ्या रंगात मिळायची, त्यात झटपट आणि टिकाऊ काळ्या रंगाचा मोठा वाटा होता. १९२४च्या हंगामात जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना ड्युपाँ कंपनीचा ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर लागला आणि आठवड्यांचं काम काही तासांवर आलं. ते नाव आपल्याकडे असं रुजलं की आजही कपाटाला किंवा गाडीला गननं रंग मारायचा म्हटलं की आपला पेंटर "ड्यूको मारू का?" असं विचारतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ब्रँडचं नाव श्रीरामपूरच्या फर्निचरवाल्याच्या तोंडी नांदतंय.

वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या गाड्या किंवा अँबॅसिडर ज्यांनी वापरल्या, त्यांना तो जाड रंग आठवतो तो खराच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवायला हवी. त्या गाड्यांची दारं खालून कुजायची, मडगार्डाच्या आत हात घातला तर गंजाचे पापुद्रे हातात यायचे. बाहेरून हातभर रंग आणि आतल्या पोकळीत काहीच नाही, अशी गत होती. विजेवर बसवायचा ई-कोट फोर्ड कंपनीत १९६०च्या दशकात सुरू झाला आणि त्याचं आजचं, गंजाला जास्त पुरून उरणारं रूप १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. आजचा पातळ रंग गंजाच्या बाबतीत जुन्या जाड रंगापेक्षा कितीतरी सरस आहे, हे मान्य करायलाच हवं.

पातळ होण्यामागे एक कारण चांगलं आहे आणि एक कारण गिऱ्हाइकाच्या फायद्याचं नाही. चांगलं कारण यंत्राचं. पूर्वी माणूस गननं रंग मारायचा तेव्हा निम्म्याहून जास्त रंग हवेत उडून जायचा, आणि जो बसायचा तो कुठं जाड, कुठं पातळ. आता यंत्रमानवाच्या हातातली घंटेच्या आकाराची छोटी वाटी मिनिटाला तीस-चाळीस हजार फेऱ्यांनी फिरते आणि रंगाच्या बारीक तुषारांना विजेचा भार देऊन पत्र्याकडे पाठवते. बहुतेक रंग गाडीवरच बसतो आणि सगळीकडे सारखा बसतो. शिवाय रंग जाड म्हणजे मजबूत, हा समजही खरा नाही. भाकरी जाड झाली की वाकवताना मोडते, तसाच रंगही. लांबी भरून, थरावर थर देऊन तीन-चारशे मायक्रॉनच्या वर गेलेला रंग खडा लागला की टवक्याऐवजी मोठी खपली टाकतो.

दुसरं कारण खर्चाचं. मोटारीच्या कारखान्यात सगळ्यात जास्त ऊर्जा खाणारा विभाग म्हणजे रंगशाळा. तिथल्या भट्ट्या आणि हवा खेळवणारे पंखे रात्रंदिवस चालतात. एक भट्टी गाळली तर गॅस वाचतो, जागा वाचते, धूर कमी होतो. म्हणून गेल्या दोन-अडीच दशकांत ओल्यावर ओला थर मारून एकदाच भाजायची पद्धत पसरली. माझ्दानं २००२च्या सुमारास तीन थर असे ओल्यावर ओले मारायला सुरुवात केली, पुढे इतरही त्या वाटेनं गेले. काही पद्धतींत प्रायमरचा वेगळा थरच काढून टाकला आणि त्याचं काम बेस कोटच्या पहिल्या हातावर सोपवलं. रंग जमला तर हे उत्तम चालतं. पण चुकीला जागा उरत नाही. शंभर मायक्रॉनमध्ये पाच-दहा मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर पूर्वी ते खपून जायचं, आता ते रस्त्यावर दिसतं.

हे फसलं तर काय होतं, ते अमेरिकेनं पाहिलं आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या मोठ्या कंपन्यांनी काही गाड्यांवर मधला प्रायमर गाळून ई-कोटवर थेट वरचा रंग दिला. ई-कोट इपॉक्सीचा. इपॉक्सी गंजाला भारी पडते, पण उन्हापुढे टिकत नाही, तिची भुकटी होते. वरच्या पातळ रंगातून ऊन झिरपलं, ई-कोटचा वरचा पृष्ठभाग भुसभुशीत झाला आणि काही वर्षांत बॉनेट-टपावरून हातभर रंगाचे पोपडे निघू लागले. मालक कोर्टात गेले. अलीकडेही टोयोटानं अमेरिकेत काही पांढऱ्या रंगांच्या गाड्यांसाठी, रंग असाच सुटत असल्यामुळे, मूळ वॉरंटीपलीकडे जाऊन दुरुस्ती देऊ केली. पांढऱ्या रंगावर ऊन कमी तापतं हे खरं, म्हणून आपल्या भागात पांढरीच गाडी घेतात. पण पांढरा थर पातळ असेल तर त्यातून किरण आत जाण्याचा धोका गडद रंगापेक्षा जास्त असतो, हेही लक्षात ठेवावं.

आता खड्याकडे येऊ. पाच ग्रॅमचा खडा घेतला, म्हणजे शेंगदाण्याहून मोठा आणि बोरापेक्षा लहान. गाडी ताशी ४० किलोमीटरनं जाऊन त्याला धडकली तर धडकेची ऊर्जा एक ज्यूलच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. वेग ८० झाला तर ती दुप्पट होत नाही, चौपट होते. समोरून तितक्याच वेगानं येणाऱ्या ट्रकनं तो खडा आपल्याकडे भिरकावला तर ती जवळपास पाच ज्यूल होते. किराणा दुकानातलं एक किलोचं लोखंडी माप पावणेदोन फुटांवरून पडावं, इतकी. आणि ती सगळी खड्याच्या एका टोकाएवढ्या जागेत, कागदाएवढ्या थरावर. या माऱ्यापुढे टिकेल असा रंग जगात कुणी बनवत नाही. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. त्यांच्या प्रयोगशाळांत रंग दिलेल्या पत्र्यावर दाबाच्या हवेनं साधारण अर्धा लिटर खडी मारायची प्रमाण चाचणी असते. खडीचा आकार सुमारे साडेनऊ ते सोळा मिलिमीटर. किती टवके उडाले, केवढे उडाले आणि कुठल्या थरापर्यंत गेले, यावरून रंगाला गुण देतात. एकही टवका उडू नये, अशी अपेक्षा तिथंही नसते.

ती चाचणी आपल्याकडे रस्त्यावरच होते. श्रीरामपूर पर्जन्यछायेतलं असलं तरी कालव्यांचं गाव आहे. १९२६मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी आलं, त्यावर ऊस वाढला, आणि उसानं या भागातले रस्ते घडवले आणि बिघडवले. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर शेतातून निघतात ते टायरच्या खाचांत काळी माती आणि तिच्यात रुतलेले दगड घेऊन. डांबरावर आले की माती वाळते, दगड सुटतात. खड्ड्यांत मुरूम भरलेला असतो, तो चार दिवसांत विखुरतो. सीलकोट मारला की त्यातली सुटी बारीक खडी आठवडाभर कडेला लोळत असते. बाभळेश्वरला जाऊन नगर-मनमाड रस्त्याला लागलं तर तिथल्या खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं झाली आहेत. अशा रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीच्या दहा हात मागे गाडी चिकटवून ओव्हरटेकची वाट पाहणं म्हणजे बॉनेट खडीसमोर धरणं. पन्नास-साठ हात अंतर ठेवलं तर उडालेला खडा बहुतेक वेळा गाडीपर्यंत येण्याआधीच खाली पडतो. टवके टाळायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. स्वतःच्याच चाकांनी उडवलेली खडी दाराच्या खालच्या कडा आणि मागच्या चाकापुढचा भाग खाते. त्यासाठी चारही चाकांना मडफ्लॅप लावून घ्यावेत. शोरूममधून गाडी येते तेव्हा ते पुष्कळदा नसतातच.

तर टवक्याचा तळ. भिंगातून पाहिल्यावर तळाशी गाडीचाच रंग फिकट, मळकट दिसला तर फक्त क्लिअर कोट गेला. तळ करडा दिसला तर बेस कोट जाऊन प्रायमर उघडा पडला किंवा, प्रायमर गाळलेल्या गाडीत, ई-कोट. ई-कोट बहुधा करडा किंवा काळपट असतो. या दोन्ही परिस्थितींत पत्रा अजून झाकलेला आहे. खडा लागला, वरचे थर गेले, खालच्यांनी मार सोसला. रंगानं आपलं काम केलं असंच म्हणायचं. तळाशी चकचकीत धातू दिसला तर मात्र घाई करायला हवी. उघड्या पोलादावर ओल बसली की तांबेरा धरतो. तांबेरा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो शेजारचा चांगला रंग खालून उचलतो आणि टवक्याभोवती फुगवटे येतात. पत्र्यावर जस्ताचा लेप असेल तर जस्त आधी स्वतः झिजतं आणि पोलादाला थोडी उसंत देतं. आपली हवा कोरडी, त्यामुळे इथं गंज सावकाश चालतो. तोच टवका घेऊन गाडी रत्नागिरीला राहायला गेली तर पहिल्याच पावसाळ्यात तो नारिंगी होतो.

तळापेक्षाही टवक्याची कड जास्त बोलते. खड्यानं केलेला टवका लहान, वेडावाकडा आणि मध्ये खड्याची खूण असलेला असतो. टवका रुपयाएवढा असेल, त्याची कड नखानं सहज उचलली जात असेल, तळ गुळगुळीत आणि चकचकीत असेल, तर तिथं दोन थरांची पकड जमलीच नव्हती. हा खड्याचा दोष नव्हे, रंग देणाऱ्याचा. प्लास्टिकच्या बंपरवर हे विशेष दिसतं, कारण बंपर पत्र्याबरोबर भट्टीत जात नाही. प्लास्टिक तेवढी उष्णता सोसत नाही, म्हणून तो वेगळ्या ठिकाणी, ८०-९० अंशांच्या आसपास भाजायच्या लवचीक रंगानं रंगवतात. बंपरवरून रंगाची सालपटं निघत असतील तर "खडा लागला असेल" हे उत्तर ऐकून परत यायचं नाही.

आणि एक शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. नवी म्हणून मिळालेली गाडी आधीच एकदा रंगवलेली असू शकते. कारखान्यातून निघून ट्रेलरवर चढताना, उतरताना, यार्डात फिरवताना गाडीला घासा-पोचा लागतो आणि देण्याआधी तो गुपचूप दुरुस्त होतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या नव्या गाडीचं मागचं दार आठ महिन्यांत बाकीच्या गाडीपेक्षा पिवळट दिसू लागलं. मायक्रॉन मोजायचं यंत्र लावलं तर सगळ्या गाडीवर ११०च्या आसपास आणि त्या दारावर ३४० भरले. हे यंत्र हातात मावेल एवढं असतं, काही हजारांत मिळतं, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांकडे तर असतंच. पोलादावर ते चुंबकाच्या तत्त्वावर चालतं, ॲल्युमिनियमवर वेगळ्या पद्धतीनं. प्लास्टिकवर चालत नाही. आकडा एकसारखा ९० आला तर काळजी नको. एका दारावर १००, दुसऱ्यावर २५० आला तर प्रश्न विचारायलाच हवा.

तो प्रश्न विचारायची वेळ ताबा घेण्याआधीची. आपल्याकडे दसरा-पाडव्याला शोरूममध्ये झुंबड असते, मुहूर्त गाठायचा असतो, संध्याकाळी दिव्याखाली किल्ली हातात येते आणि फोटो निघतात. त्या उजेडात रंग पाहता येत नाही. आदल्या दिवशी सकाळी उन्हात जाऊन गाडी बघून यावी. पत्र्याच्या पातळीत डोळा नेऊन तिरपं पाहिलं की लाटा, धुळीचे कण, रबर पट्टीवर उडालेला रंग, स्क्रूच्या डोक्यावरचा सोललेला रंग लगेच दिसतो. दाराच्या बिजागरीचा स्क्रू खोलल्याची खूण असेल तर ते दार निघून पुन्हा बसलं आहे. नंतर लक्षात आलं तरी वाट बंद होत नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी पुण्याला घेतली म्हणून पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी फोनवर सल्ला मिळतो. खड्याचे टवके मात्र वॉरंटीत बसत नाहीत. तिथं भांडून वेळ जातो.

भाच्याच्या टवक्याचा तळ करडा निघाला. तो म्हणाला, "मग बॉनेटच रंगवून घेऊ का, मामा? इन्शुरन्समध्ये बसवतो म्हणतात." मी त्याला हात जोडून नको म्हटलं. आपले पेंटर मिस्त्री हुशार आहेत. रंगाची छटा डोळ्यानं जुळवणारी त्यांची नजर यंत्रालाही मागे टाकते. पण गॅरेजमध्ये हौद नसतो, वीज सोडून बसवलेला ई-कोट नसतो, १६० अंशांची भट्टी नसते. वायर, रबर, काच बसलेल्या गाडीला तेवढी उष्णता देताच येत नाही. तिथं हार्डनर घातलेला रंग फार तर ६०-७० अंशांवर, नाहीतर उन्हात वाळतो. बाजरीएवढ्या टवक्यासाठी कारखान्याचा भाजलेला रंग पॉलिश पेपरनं घासून काढायचा म्हणजे चांगल्या विहिरीत मुरूम टाकून तिथंच नवी खोदण्यासारखं आहे.

टवका भरायला टचअपची छोटी बाटली पुरते. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. टवका धुऊन, स्पिरिटनं पुसून, पूर्ण कोरडा करून, सावलीत, काडीच्या टोकानं रंगाचा एक थेंब सोडायचा. एकाच दमात खड्डा भरायचा मोह आवरायचा. वाळू द्यायचं, दुसरा थेंब, शेवटी क्लिअरचा थेंब. तांबेरा धरलेला असेल तर आधी तो खरवडून काढल्याशिवाय वर काहीही लावू नये, नाहीतर गंज रंगाच्या खाली शांतपणे चरत राहतो. खूण पुसली जात नाही, जवळून दिसतेच. पण पत्रा झाकला जातो, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

टवक्यांपेक्षा जास्त रंग आपण स्वतः धुताना घालवतो, हे मी पुन्हापुन्हा सांगतो. या कालव्याच्या पट्ट्यात बोअरचं पाणी क्षारांचं आहे, कित्येक जमिनीही खारवट झाल्या. त्या पाण्यानं भर उन्हात गाडी धुतली आणि तशीच वाळू दिली तर पांढरे डाग पडतात आणि काही दिवसांत क्लिअर कोटमध्ये रुततात. मग ते घालवायला बफिंग. एका बफिंगला दोन-तीन मायक्रॉन सहज जातात, पॉलिश पेपर लावला तर आणखी. चाळीस मायक्रॉनच्या थरातून हे किती वेळा परवडणार? धूळ कोरड्या फडक्यानं झटकणं तर पॉलिश पेपरच. आधी भरपूर पाणी मारून धूळ उतरवावी, मग शॅम्पू, आणि सावलीत पुसून कोरडी करावी. कडुनिंबाखाली गाडी लावली की माव्याचा चिकटा पडतो, पाखरांची विष्ठा पडते. तापलेल्या रंगावर ती तासाभरात डाग उठवते. त्यावर ओलं फडकं ठेवून, मऊ करून मगच उचलावी. पूजेचं कुंकू-हळद बॉनेटवर दिवसभर उन्हात ठेवू नये, त्याच संध्याकाळी धुवावं. हाराच्या तारेचं टोक रंगाला लागणार नाही हे पाहावं. नव्या गाडीचा पहिला ओरखडा मी कितीतरी वेळा हाराच्या तारेचाच पाहिला आहे.

पांढऱ्या गाडीवर सुईच्या अग्राएवढे नारिंगी ठिपके दिसले की लोक घाबरतात. आमचं रेल्वे स्टेशन, ज्याची पाटी अजून बेलापूर अशीच आहे, त्याच्याजवळ किंवा ट्रॉल्या बांधणाऱ्या वर्कशॉपशेजारी गाडी रोज उभी राहत असेल तर ते ठिपके बहुधा बाहेरून आलेल्या लोखंडाच्या कणांचे असतात. ब्रेक घासून किंवा ग्राइंडरच्या ठिणग्यांतून ते उडतात, रंगात रुततात आणि तिथं गंजतात. गाडीचा पत्रा खाली शाबूत असतो. लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण मिळतं, ते मारलं की जांभळे ओघळ येतात आणि ठिपके जातात.

शोरूममध्ये सिरॅमिक कोटिंगचा आग्रह होतो. त्याचा थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी घरंगळतं, मळ कमी चिकटतो, धुणं सोपं होतं. तेवढ्यासाठी घ्यायचं तर घ्यावं. खडा त्यानं थांबत नाही, आणि थांबतो असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. खड्याला अडवते ती पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, दीडशे-दोनशे मायक्रॉनची, म्हणजे खुद्द रंगापेक्षा जाड. हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूच्या माऱ्यापासून वाचवण्यासाठी अशा फिल्मचा वापर सुरू झाला. सगळ्या गाडीला लावायची तर लाखाच्या घरात खर्च जातो. बॉनेटची पुढची दीड फुटाची पट्टी, बंपर आणि दारांच्या खालच्या कडा एवढंच झाकलं तर खर्च आवाक्यात येतो आणि खडीचा बहुतेक मारा तिथंच बसत असतो.

भाच्याचा टवका भरून आता दोन हंगाम झाले. जागा शोधून दाखवावी लागते, तांबेरा नाही. पण त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना मला एक गोष्ट खटकली ती खटकतेच. टायरमध्ये हवा किती, इंजिनात तेल किती, हे सगळं गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. रंग किती मायक्रॉनचा आणि किती थरांचा, हे मात्र गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. कंपनीकडे हा आकडा असतो, रंगशाळेत तो रोज मोजला जातो. तो पुस्तिकेत छापावा आणि गाडी देताना चार दारं, बॉनेट, डिकी आणि टप यांच्यावरचं मोजमाप लिहून, सही करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरावी, आणि या दसऱ्याला जे कुणी गाडी घ्यायला जाणार असतील त्यांनी ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी हे सात आकडे मागावेत.